गोल वेणीसाठी वादी: कापणं, ताणणं आणि कड उतरवणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. शेळीच्या चामड्यातून वाद्या कापायच्या आणि ६ मिमी जाडीच्या दोरीचा गाभा घेऊन त्यावर आठ पदरी गोल वेणी विणायची. कुत्र्याला फिरवायची १२० सेंमी लांबीची दोरी करायची आहे. सपाट वेणी जमते, पण गोल वेणी खडबडीत येते आणि कड उतरवायला (म्हणजे वादीचा काठ तिरका तासून पातळ करायला) घेतलं की वादी पुन्हापुन्हा तुटते. ज्या चित्रफिती पाहून शिकणं चाललंय, त्यांत कारागीर अर्धा-पाऊण मिमी जाडीची वादी पात्याखालून सरसर ओढतात. कड उतरवायचं तयार यंत्र घेतलं तर प्रश्न सुटेल का?

नाही सुटणार. वादी तुटते कड उतरवताना, पण ती बिघडलेली असते त्याच्या आधीच. कड उतरवणं हे सगळ्यांत शेवटचं काम आहे. जाडी सारखी करणं, वाढीव रुंदीत कापणं, ताणणं, पुन्हा मापाने कापणं आणि मग कड, हा क्रम आहे. बहुतेक नवशिके कापलं की थेट कडेवर येतात. न ताणलेली वादी पात्यात अडकून ओढली गेली की तिथल्या तिथे लांबते, लांबली की अरुंद आणि पातळ होते, आणि त्याच क्षणी पातं नेहमीपेक्षा खोल जातं. यंत्रातही हेच होईल, फक्त जास्त वेगाने.

त्या चित्रफितींबद्दल आधी एक सांगायला हवं. ऑस्ट्रेलियातले चाबूक विणणारे बहुतेक कांगारूचं कातडं वापरतात. त्यातले तंतू पृष्ठभागाला जवळजवळ समांतर असतात, त्यामुळे ते पातळ केलं तरी त्याची ताकद टिकते. गाय-म्हशीच्या कातड्यात तंतू तिरके, उभे-आडवे गुंतलेले असतात. ते तासत गेलं की ताकद जाडीपेक्षा जास्त वेगाने घटते. शेळीचं कातडं विणायला चांगलं आहे, पण ते कांगारू नव्हे. शेळीच्या वादीची जाडी ०.८ मिमीच्या खाली नेऊ नका, निदान ज्या दोरीला कुत्रा झटका देणार आहे तिच्यासाठी तरी नको. अर्ध्या-पाऊण मिमीचं माप तिकडच्या चामड्याचं आहे, ते इकडे जसंच्या तसं उचललं की वादी तुटणारच.

आपल्याकडची ओळखीची उदाहरणंही इथे फसवतात. कोल्हापुरी चपलेवरची वेणी सपाट असते आणि ती पातळ शेळीच्या चामड्याची करतात. सपाट वेणीत पदर एकमेकांवरून जातात तिथे थोडी जाडी वाढली तरी ती दिसत नाही, म्हणून कड न उतरवता काम भागतं. तबल्यावर ताणलेली वादी वेगळ्याच कामाची. तिला ओढ सहन करायची असते, शेजारच्या वादीच्या अंगावर बसायचं नसतं. गोल वेणीत मात्र प्रत्येक पदर दुसऱ्याच्या कडेवर चढतो. ती कड चौकोनी असेल तर वरचा पदर पुलासारखा उचलला जातो, खाली पोकळी राहते आणि हाताला खडे लागतात. तुमची वेणी खडबडीत येते ती याच कारणाने.

चामडं घेताना बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेलं घ्या. क्रोम पद्धतीने कमावलेलं चामडं रबरासारखं असतं. पात्यापुढे ते कापलं जाण्याऐवजी दबतं आणि सरकतं, त्यामुळे त्याची कड नीट उतरत नाही. ओळखायला सोपं आहे: चिरलेल्या कडेत निळसर-करडी झाक दिसली तर क्रोम, तपकिरी-पिवळट दिसली तर वनस्पतीचं. तमिळनाडूत वनस्पतींनी कमावलेलं 'ई. आय.' (ईस्ट इंडिया) नावाचं शेळीचं चामडं या कामाला छान चालतं. चामडं चौरस फुटावर विकतात आणि एक शेळी साधारण ४ ते ६ चौरस फूट भरते. दुकानात ते उजेडासमोर धरा, मग मांसाच्या बाजूने बघा. सोलताना सुरी लागून पडलेल्या चिरा तिथे दिसतात. केसाच्या बाजूने त्या दिसत नाहीत, आणि वादी नेमकी तिथेच तुटते. दिसलेल्या प्रत्येक चिरेवर पेन्सिलीने खूण करा. शक्य असेल तर दुकानदाराकडून सगळं चामडं ०.९ मिमीला स्प्लिट मारून (यंत्रावर एकसारख्या जाडीचं करून) घ्या. हाताने जाडी सारखी करण्यात आठवडा घालवण्यापेक्षा हे बरं. घरी आणल्यावर व्हर्नियरने किंवा जाडीमापकाने ठिकठिकाणी मोजा. ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक असलेला भाग वेगळा काढा.

वाद्या पाठीच्या भागातून काढायच्या. पाठ घट्ट असते. पोट, बगल आणि पायांकडचा भाग सैल असतो आणि दुप्पट ताणला जातो. पाठीची आणि पोटाची वादी एका वेणीत आली तर पोटाची वादी वापरात लांबते आणि वेणी एका अंगाला पीळ खाते. पोटाकडचे तुकडे फेकू मात्र नका. सराव त्यांच्यावरच करायचा आहे.

आता हिशेब. विणताना पदर साधारण ४५ अंशांत फिरतात असं धरलं, तर एका पदराची रुंदी काढायला गाभ्याच्या व्यासात वादीच्या जाडीची दुप्पट मिळवा, त्याचा परीघ काढा आणि तो पदरांच्या संख्येच्या ०.७ पटीने भागा. तुमच्या बाबतीत व्यास ६ अधिक १.८, म्हणजे ७.८ मिमी. परीघ २४.५ मिमी. तो ५.६ ने भागला की ४.४ मिमी. ही कड उतरवण्याआधीची अंतिम रुंदी. यापेक्षा अरुंद वादीत गाभा डोकावतो, रुंद वादीत पदर एकमेकांना ढकलून उभे राहतात. लांबीसाठी तयार दोरीच्या दीडपट अधिक हातात धरायला ३० सेंमी धरा. १२० सेंमीच्या दोरीला प्रत्येक पदर २१० सेंमी, आठ पदर मिळून १६.८ मीटर. तरी आधी १५ सेंमीचा नमुना विणून बघा. हात घट्ट असेल तर कोन बदलतो आणि रुंदी पाव मिमीने इकडे-तिकडे करावी लागते.

सरळ लांबीत इतकी लांब वादी शेळीतून निघत नाही, म्हणून चामड्याची चकती घ्यायची आणि ती गोल फिरवत काठाकडून आत कापत जायचं. कापताना रुंदी ४.४ नव्हे, ५.५ मिमी ठेवा. ताणल्यावर ती ५ मिमीच्या आसपास येते आणि दुसऱ्या कापात ४.४ होते. २२ सेंमी व्यासाची चकती घेतली आणि मधली ६ सेंमी सोडून दिली, तर ५.५ मिमी रुंदीची सुमारे ६.४ मीटर वादी निघते. ताणून ती सात मीटरच्या जवळ जाते, म्हणजे तीन पदर. तीन चकत्यांत नऊ पदर, एक शिल्लक. हिशेबाने चामडं सुमारे सव्वा चौरस फूट लागतं, पण चिरा, खुणा आणि सैल भाग वगळून एवढी पाठ मिळायला एक पूर्ण शेळी घ्यावी लागते. चकती अगदी गोलच हवी असं नाही. लांबोडकी चालते, फक्त कोपरे ४ सेंमी त्रिज्येने गोल करा.

मधला भाग का सोडायचा? वर्तुळात कापलेल्या वादीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा लांब असते. चकतीच्या काठाला हा फरक ५ टक्के असतो. केंद्रापासून ३ सेंमीवर तो १८ टक्के होतो, दीड सेंमीवर ३५ टक्क्यांच्याही वर. पाच टक्के ताणून निघतात, अठरा कसेबसे निघतात, पस्तीस कधीच निघत नाहीत. केंद्राजवळची वादी सरळ केली की तिची बाहेरची कड झालरीसारखी फुगते. ती वेणीत कधी नीट बसत नाही.

कापायला साधा ठोकळा घरी बनतो. सागवानी किंवा शिसवी फळीत एक गुळगुळीत पितळी पिन ठोका. तिच्यापासून ५.५ मिमीवर, अगदी समोरासमोर, पेपर-कटरचं नवं पातं उभं बसवा. पात्याची धार येणाऱ्या चामड्याकडे हवी आणि वरचं टोक त्याच बाजूला वीस-तीस अंश झुकलेलं हवं. असं केलं की पातं चामड्याला फळीवर दाबून धरतं. ते उलट बाजूला झुकलं तर चामडं वर उचललं जातं आणि कापाची कड तिरकी येते. पातं डळमळता कामा नये. दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या स्क्रूने आवळा.

चकतीच्या काठावर कात्रीने ५ सेंमीची शेपटी कापून घ्या. ती पिन आणि पात्याच्या मधून काढा, उजव्या हाताने सरळ समोर ओढा आणि डाव्या हाताने चकती पिनेला टेकवत फिरवत राहा. रुंदी बिघडायची दोनच कारणं आहेत. काठ पिनेपासून सुटला तर वादी अरुंद होते, काठ पिनेवर दाबून चामडं दुमडलं तर रुंद. म्हणजे सगळं लक्ष डाव्या हातावर हवं. ओढणारा हात फक्त एका गतीने आणि एका दिशेत चालला पाहिजे. मध्ये थांबावं लागलं तर चकती न हलवता थांबा, नाहीतर तिथे पायरी पडते. चामडं कापताना कोरडं असू द्या. वनस्पतीने कमावलेलं ओलं चामडं लोखंडी पात्याला लागून राहिलं की टॅनिन आणि लोखंड मिळून काळा डाग पडतो. तो धुऊन जात नाही.

आता ताणणं. हेच काम लोक टाळतात आणि सगळी गडबड इथूनच सुरू होते. वादीला चरबीचा हलका हात द्या, एक टोक खुंटीला अडकवा आणि मीटर-मीटर भाग दोन्ही हातांत धरून सावकाश ओढा. हाताला टणक लागेपर्यंत ओढायचं, झटका द्यायचा नाही. पाठीच्या चामड्याची लांबी साधारण ८ ते १० टक्क्यांनी वाढते. १५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढली तर तो तुकडा सैल भागातला आहे, त्याला वेगळा ठेवा. न दिसलेली चीर इथेच उघडी पडते आणि वादी तुटते. तुटू द्या. वेणी अर्धी झाल्यावर तुटण्यापेक्षा हे कितीतरी बरं. ताणलेली वादी रात्रभर फळीवर घट्ट गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात चामडं हवेतला ओलावा पितं आणि जास्त ताण देतं, त्यामुळे एप्रिलमध्ये बसवलेली मापं जुलैत पुन्हा तपासा. एका दोरीच्या सगळ्या वाद्या एकाच हवेत ताणलेल्या हव्यात.

दुसऱ्या दिशी ती पुन्हा ठोकळ्यातून काढायची, आता पिन आणि पात्यात ४.४ मिमी अंतर ठेवून. वळणाची आतली कड ताणाने सरळ झालेली असते, ती पिनेकडे ठेवा. बाहेरची कड अजून थोडी लहरते, ती पात्याकडे जाऊ द्या. लहरणारा भाग कापून जातो. यानंतर दर २० सेंमीवर रुंदी मोजा. फरक ०.२ मिमीच्या आत असेल तरच पुढे जा.

आता कड. ती मांसाच्या बाजूने उतरवायची, दोन्ही कडा. केसाच्या बाजूने उतरवली तर रंगवलेल्या पृष्ठभागाखालचा फिकट चामड्याचा दोरा वेणीभर दिसतो. शिवाय शेजारचा पदर जिथे खालून टेकतो तिथली जाडी तशीच राहते. ०.९ मिमी जाड आणि ४.४ मिमी रुंद वादीला प्रत्येक कडेवर १ मिमी रुंदीचा उतार द्या आणि काठाला ०.४ मिमी जाडी शिल्लक ठेवा. मध्ये २.४ मिमी भाग पूर्ण जाडीचा राहतो, ओढ तोच घेतो. या मापाला पात्याचा कोन आडव्या वादीशी २५ ते ३० अंश येतो. सगळे ४५ अंश सांगतात. त्या कोनात फक्त अर्ध्या मिमीचा कोपरा मोडतो आणि वेणीत विशेष फरक पडत नाही. उलट कोन अगदी आडवा, १५ अंशांच्या आसपास गेला की काठ कागदासारखा होतो. तो दिसायला सुबक, पण विणताना चुरगळतो आणि वर्षभरात झिजून फाटतो.

सुरुवात हातानेच करा. कठीण, गुळगुळीत लाकडावर वादी मांसाची बाजू वर करून ठेवा. रापी (चामडं तासायची सुरी) किंवा नवं पातं उजव्या हातात आणि हात फळीला टेकवून अगदी स्थिर. डाव्या हाताने वादी ओढायची. पातं हलवायचं नाही, वादी हलते. वादी पात्याच्या अगदी अलीकडे फळीवर दाबलेली असली पाहिजे. पात्यापासून तीन-चार सेंमी दूर दाबली तर मधला भाग वर उडतो आणि पातं आरपार जातं. टोकाचे पाच सेंमी न उतरवता सोडा, ओढायला तीच मूठ. विणून झाल्यावर ते कापून जाणार आहेत.

नजर वादीवर नको, निघणाऱ्या छिलक्यावर ठेवा. हे एक जमलं तर निम्मं शिक्षण झालं. छिलका अखंड, एकसारख्या रुंदीचा आणि दोऱ्यासारखा निघत असेल तर सगळं ठीक आहे. तो तुकड्यातुकड्यांत निघत असेल तर धार गेली किंवा चामडं फार कोरडं आहे. रुंद-अरुंद होत असेल तर जाडी असमान आहे किंवा हात डुलतोय. छिलक्यावर केसाच्या बाजूचा रंग दिसला तर थांबा. पातं पृष्ठभागापर्यंत पोचलं आहे आणि पुढच्या हातभर अंतरात वादी तुटणार आहे.

धारेबाबत हयगय नको. पातं बोथट झालं की कापत नाही, ओढतं. मग तुम्ही जास्त जोर लावता आणि वादी पुन्हा ताणायला लागते. दर चार-पाच मीटरवर पातं चामड्याच्या पट्ट्यावर परजा, हिरवी पॉलिश पेस्ट लावून. रापी असेल तर दिवसातून एकदा निसण्यावरही घ्या. पेपर-कटरची, टोक मोडून वापरायची पाती वापरत असाल तर परजण्याच्या भानगडीत पडू नका. प्रत्येक पदराला नवं टोक घ्या. ते स्वस्त पडतं.

वादी पात्याखालून सहज सरकावी आणि विणताना पदर एकमेकांवर घट्ट बसावेत म्हणून साबण-चरबीचा मलम लागतो. २५० मिली पाण्यात ३० ग्रॅम साधा, सुगंध नसलेला साबण किसून विरघळवा, गरम असतानाच त्यात २५० ग्रॅम वितळलेली चरबी घाला आणि थंड होईपर्यंत ढवळत राहा. दह्यासारखा घट्ट मलम होतो. पातळ थर पुरतो. जास्त लावला तर पावसाळ्यात बुरशी येते. खोबरेल वापरू नका. ते चामड्यात झिरपून त्याला लुळं करतं आणि पदर घसरतात.

सरावासाठी पोटाकडच्या तुकड्यांतून १० मीटर वादी फक्त रुंदीसाठी कापा, कड उतरवायची नाही. मग पाठीची ५ मीटर घ्या, ती ताणा, मापा आणि फक्त एकच कड उतरवा. एका कडेचा छिलका सलग दोन मीटर अखंड निघाला की दुसऱ्या कडेला हात घाला. एवढं झाल्यावर हाताऐवजी ठोकळ्यात तिरकं पातं बसवायला हरकत नाही. ४.४ मिमीची खाच, तिच्या एका काठावर २५ अंशांत पातं, आणि वादी दोनदा ओढायची, दुसऱ्यांदा टोक उलटं करून. दोन पाती समोरासमोर बसवलेलं यंत्रही मिळतं. रुंदी ०.२ मिमीने जरी कमी-जास्त असली तरी ते एका कडेला जास्त आणि दुसरीला कमी खातं. म्हणून रुंदीवर हात बसेपर्यंत ते घेऊ नका.

विणायला बसण्याआधी आठही पदर शेजारी-शेजारी टेबलावर ठेवा, उतरवलेल्या बाजू वर करून, आणि बोट आडवं फिरवा. एखादा पदर बोटाला उंच लागला तर तो बदला. नववा त्यासाठीच आहे. सगळ्यांत जाड पदरांची जोडी वेणीच्या समोरासमोरच्या बाजूंना लावा, शेजारी नको. विणून झाल्यावर मलम ओला असतानाच दोरी दोन गुळगुळीत फळ्यांमध्ये धरून वरची फळी दाबून पुढे-मागे लाटा. उतरवलेल्या कडा तेव्हाच एकमेकींत बसतात. मग दोरी सावलीत, ताणून, दोन दिवस वाळू द्या.